पाय ठीक

मला साखरेचं दुखणं लागलं त्याला आता बरीच वर्षं झाली. सकाळी उठून बोटाला सुई टोचायची, छोट्या यंत्रावर आकडा बघायचा आणि तो वहीत लिहायचा, एवढंच काम. पण ज्या सकाळी आकडा वाईट येणार हे मला आधीच ठाऊक असतं, त्या सकाळी यंत्र कपाटातून बाहेर निघत नाही. शेजारचं बोलावणं येतं, गॅस संपतो, काहीतरी निघतंच. वहीतली जागा कोरी राहते. चार दिवसांनी ती कोरी जागा दिसली की माझा हात आपोआप पेनाकडे जातो आणि मनात अंदाज बांधला जातो, एकशे चाळीस असेल, फार तर एकशे पन्नास. तिथे मी थांबते. नेहमी थांबते असं म्हणता येणार नाही. पण थांबते तेव्हा बाबांमुळे थांबते.

माझे बाबा बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी कचेरीत दप्तरी होते. कागदांना भोकं पाडून ते दोऱ्यानं शिवायचे, फायलींना पुठ्ठे चढवायचे, जुन्या फायलींचे बस्ते लाल कापडात बांधून फळीवर लावायचे, हे त्यांचं काम. स्वतः ते चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या आधी आमच्या घरात कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. मी मॅट्रिक झाले, मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले आणि नोकरी करत बाहेरून बी.ए.ला बसले. या सगळ्या वर्षांत माझी एकही वही बाजारातून आली नाही. बाबा कोरे कागद विकत आणायचे, रविवारी ओट्यावर बसून सुई-दोऱ्यानं वह्या शिवायचे, खळीनं पुठ्ठा लावायचे आणि वाळायला वर पाटा ठेवायचे. त्या वह्या कधी उसवल्या नाहीत. माझ्या शिक्षणाबद्दल कोणी विचारलं की मला शाळा, कॉलेज आठवत नाही, ती खळ आठवते.

त्यांचं दुखणं प्रथम मायच्या लक्षात आलं. ते रोज माठ रिकामा करायचे आणि मोरीत मुंग्या व्हायच्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि साखर सांगितली. त्या काळी आमच्या गल्लीत हे दुखणं कोणी ऐकलं नव्हतं. शेजारच्या काकू मायला म्हणाल्या, साखरेचं दुखणं म्हणजे श्रीमंतांचं, तुमच्याकडे कसं आलं?

डॉक्टरांनी बाबांना आणि मला समोर बसवून सगळं नीट समजावलं. रोज सकाळी कंपाउंडरकडून इंजेक्शन. गोड बंद, केळं बंद, भाकरी मोजून. सकाळ-संध्याकाळ घरी लघवी तपासायची. आणि रोज संध्याकाळी उजेडात पाय बघायचे, तळवे, बोटांच्या बेचक्या, सगळं. अनवाणी कधीही चालायचं नाही. ते म्हणाले, या दुखण्यात पायाची जाणीव जाते. काही लागलं तरी कळत नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं समजू नका, दुखत नाही हीच भीती आहे. हे वाक्य मला त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं होतं, वर्गात आपण मुलींना म्हणायला लावतो तसं.

घरी आल्यावर बाबांनी एक जाड वही शिवली. मी पट्टीनं रकाने आखले. तारीख, सकाळचा रंग, संध्याकाळचा रंग, खाणं, चालणं, पाय.

रंगाचं असं होतं. काचेच्या नळीत चमचाभर निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी. मायनं हा सगळा संसार मागच्या अंगणात मोरीपाशी मांडायला लावला. "चूल इकडे, तुमची चूल तिकडे," ती म्हणाली. "दोन्हीकडचं एकात एक झालं तर मी घर सोडून जाईन." बाबा तिथे पाटावर बसून नळी चिमट्यात धरायचे आणि रंग बदलायला लागला की मला हाक मारायचे. पहिले दोन महिने आम्ही खरोखर रोज हे केलं. वहीत विटकरी आलं, नारिंगी आलं, मग पिवळं आणि एक दिवस हिरवं आलं, तेव्हा बाबांनी नळी मायला नेऊन दाखवली. तिनं पदर नाकाला लावला, पण बघितलं.

मग छप्पन साली तो प्रांत बदलायचा काळ आला. तोवर आम्ही नागपूरचे होतो, आता भोपाळचे होणार होतो. गावात कोणाला त्याचं वाईट वाटत होतं, कोणाला काहीच वाटत नव्हतं. बाबांच्या कचेरीत मात्र कागदांचा पूर आला. कोणते कागद कुठे जायचे, कोणते इथेच राहायचे, कशाच्या याद्या करायच्या, सगळे बस्ते सोडून पुन्हा बांधायचे होते. बाबा दिवे लागायच्या वेळेला घरी यायचे, बोटं लाल कापडाच्या रंगानं माखलेली. शिवाय रोज कोणाची तरी बदली आणि बदली म्हटली की माव्याची जिलबी. नागपूरकडे जाणारा जिलबी वाटायचा, तिकडून येणाराही वाटायचा. साहेबाच्या हातून आलेली जिलबी नाही कशी म्हणायची, असं बाबा म्हणायचे. ती ते घरी आणत नसत, तिथेच खायचे. आम्हाला सांगायचेही.

वहीत कोऱ्या जागा पडायला लागल्या. आधी संध्याकाळच्या, मग सकाळच्याही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं असायचं. त्या रविवारी दुपारी बाबांनी वही उघडली आणि बघत बसले. बारा-तेरा दिवस कोरे होते.

"कोरं रजिस्टर घेऊन साहेबासमोर जातात का कधी?" ते म्हणाले. "आण तुझी दौत."

मी म्हटलं, पण बाबा, रंग बघितलेच नाहीत.

"इन्स्पेक्शनच्या आधी आमच्याकडे काय होऊन राहतं? महिनाभराचं रजिस्टर एका दुपारी पुरं होतं. तो काय खोटेपणा असतो? काम तर झालेलंच असतं. फक्त लिहायचं राहून गेलं."

त्यांना ते खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही ठामपणे सांगावंसं वाटतं. बाबांनी आयुष्यात कधी कचेरीचा एक दोरा घरी आणला नाही. पण मोठे साहेब तपासणीला यायचे असले की आधी सगळी रजिस्टरं भरून ठेवायची, ही त्यांच्या कामाची रीत होती. आणि ती रीत त्यांना चांगली येत होती. मी लिहायला बसले तेव्हा ते शेजारी बसून सांगत होते. सगळं एका दौतीतून लिहू नको, चार दिवस निळी शाई, मग दोन दिवस काळी. मध्ये टाक बदल. आणि सगळे दिवस चांगले लिहू नको.

"एखादा पिवळा टाक. एकदा नारिंगी टाक. सगळं हिरवं हिरवं असलं की साहेबाला शंका येते."

मी नारिंगी टाकला. त्या दिवशीच्या खाण्याच्या रकान्यात स्वतःच्या मनानं लिहिलं, 'अर्धी जिलबी, कचेरीत.' बाबांनी ते वाचून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गणितात पहिली आले होते. "तू तर पक्की निघालीस गं, मास्तरीणबाई," ते म्हणाले आणि आम्ही दोघं हसलो. माय चुलीपाशी होती. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, काय झालं हसायला? आम्ही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वही चाळली आणि त्या अर्ध्या जिलबीवर बोट ठेवलं. बाहेरच्या बाकावरच्या दोन माणसांना त्यांनी आत बोलावून वही दाखवली. बघा, याला म्हणतात वही, जिलबी खाल्ली तरी लपवत नाहीत. मग मला म्हणाले, "मास्तरीणबाई, अक्षर फार सुंदर आहे तुमचं." मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. बाबांना तर इतकं बरं वाटलं की परतताना टांग्यातून उतरेपर्यंत ते तेच तेच बोलत होते. डॉक्टरांनी वही बघून इंजेक्शन कमी केलं होतं. बाबांनी मायला सांगितलं, दुखणं उतरणीला लागलं.

त्यानंतर रविवारची दुपार ठरूनच गेली. खरी तपासणी आठवड्यातून एकदा व्हायची, मग तीही जेव्हा बरा रंग येईल असं वाटेल तेव्हाच. आदल्या दिवशी बाबा जपून खायचे. महिनाभराचं बाकी सगळं मी लिहायचे. पायाचा रकाना तर सगळ्यात सोपा होता. वरच्या ओळीत 'पाय ठीक' लिहिलं की खाली खुणा करत जायचं.

इथे मला माझ्याबद्दलही एक गोष्ट लिहायला हवी. इतकी वर्षं मी ती बाबांच्या पांघरुणाखाली लपवली. बाबांनी सांगितलं म्हणून मी लिहिलं, हे खरं आहे. पण त्या वर्षी माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा होती. संध्याकाळी शाळेतून यायचं, नळी धुवायची, दिवा पेटवायचा, बाबांना पाटावर बसवून पाय बघायचे, यात माझा पाऊण तास जायचा. तो पाऊण तास मला मिळायला लागला होता. कोऱ्या जागांचा मला त्रास होत नव्हता, सुटकाच वाटत होती.

मी पास झाले. निकालाचा पेपर बाबांनी कचेरीत बघितला आणि तसाच घरी आणला, घडी न मोडता. तेव्हा कळलं की त्यांनी इच्छापूरच्या इच्छादेवीला नवस बोलला होता. पोरगी बी.ए. झाली तर नवरात्रात घरापासून देवीपर्यंत अनवाणी येईन. सहा-सात कोसांची वाट.

मी म्हटलं, डॉक्टरांनी अनवाणी चालायचं नाही सांगितलंय. चपला घालून जा, देवी समजून घेईल.

"माझी देवी आहे, काय डॉक्टरची आहे?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुझ्यासाठी बोललो ना. तुझ्यासाठी बोललेलं अर्धं कसं फेडू?"

यावर मी बोलले नाही. मला बोलता आलं असतं. मला डॉक्टरांचं ते वाक्य तोंडपाठ होतं.

ते पहाटे गल्लीतल्या चार माणसांबरोबर चालत निघाले. माय आणि मी मागून मोटारीनं गेलो. मायनं पिशवीत नारळ, ओटी, वाटेचं खाणं आणि त्यांच्या चपला घेतल्या. येताना तरी घालतील, ती म्हणाली. आम्ही टेकडीखाली पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि बाबा झाडाखाली बसले होते, दमलेले, धुळीनं भरलेले आणि इतके आनंदी की मला त्यांच्याकडे बघवेना. मायनं देवळात जाण्याआधी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. उजव्या पायाखालून थोडं लाल पाणी गेलं. माय वाकली. बाभळीचा काटा अंगठ्याखाली मोडला होता.

"दुखतंय का हो?"

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "देवीची कृपा. एवढं चाललो, काही म्हणता काही दुखलं नाही."

मायनं दिसला तेवढा काटा काढला आणि हळद लावली. आम्ही पायऱ्या चढलो. बाबांनी देवीसमोर मला पुढे उभं केलं आणि पुजाऱ्याला सांगितलं की ही बी.ए. झालेली आहे. परतताना ते आमच्याबरोबर मोटारीत बसले आणि चपला घातल्या.

पुढच्या रविवारी मी दौत घेऊन बसले तेव्हा त्या दिवसाची ओळ आली. चालण्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी थांबले. बाबा खिडकीकडे बघत होते. मी लिहिलं, 'देवदर्शन, चपला घालून.' येताना घातल्या होत्याच, असं मी मनाला सांगितलं. त्याच्या पुढच्या रकान्यात 'पाय ठीक.' आणि खाली आठही दिवस खुणा.

त्या दुपारी त्यांच्या उजव्या पायाला बस्त्याच्या लाल कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. मी विचारलं होतं. ते म्हणाले, चपलेचा पट्टा घासतो म्हणून कचेरीत एक फाटकी चिंधी पडली होती ती बांधली. लाल कापडावर काही दिसत नव्हतं. मी पट्टी सोडून बघितली नाही. ती माझ्यापासून दीड हातावर होती आणि मी वही लिहीत होते.

सोमवारी डॉक्टरांकडे खूप गर्दी होती. त्यांनी विचारलं, पाय कसे आहेत? बाबा म्हणाले, वहीत आहे की साहेब. डॉक्टरांनी वही बघितली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी सगळ्या गावात एका वहीवर विश्वास ठेवला होता आणि ती माझ्या अक्षरातली होती.

आठवड्याच्या आतच बाबांना थंडी वाजून ताप भरला. मायला घरात वास यायला लागला. तिला वाटलं उंदीर मेला. फळ्या हलवून शोधता शोधता ती बाबांच्या पायथ्याशी आली. पट्टी तिनंच सोडली.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि इंदूरला न्यायची चिठ्ठी लिहिली. खंडव्याला गाडी बदलून आम्ही बाबांना नेलं. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. त्याआधी साखर आवरायची होती. त्यांनी विचारलं, गेल्या महिन्यांत किती असायची, काही लिहून ठेवलंय का? मी पिशवीतून वही काढली. त्यांनी पानं उलटली, भुवया वर गेल्या. म्हणाले, इतकी चांगली साखर असताना पाय असा कसा झाला? मग ते इंजेक्शनचा हिशेब त्या वहीवरून करायला लागले.

बाबा खाटेवर होते, डोळे उघडे. ते माझ्याकडे बघत होते. मी गप्प राहिले असते तर डॉक्टर गेले असते.

"ही वही खरी नाही," मी म्हटलं. "मी घरी बसून लिहिलीय. रंग बघितलेच नाहीत."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मला नीट बोलता येत नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही शिकलेल्या आहात ना? मी म्हटलं, बी.ए. आहे.

"तिचं काही नाही साहेब," खाटेवरून बाबा म्हणाले. "मी सांगितलं तसं लिहिलं तिनं. पोर सांगितलेलं ऐकते."

पाय काढला. त्यानंतर बाबा एकोणीस दिवस होते. त्या दिवसांत त्यांनी एक हट्ट धरला. दवाखान्यात रोज लघवी तपासली जायची, तिचा रंग मी त्याच वहीत लिहायचा. मी वाचून दाखवायचे. विटकरी. विटकरी. नारिंगी. पुन्हा विटकरी. एकदा त्यांची स्थिती बघून मी पिवळा म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"नळी आण."

मी नर्सकडून नळी आणली. त्यांनी ती उजेडात धरली. नजर दप्तरी माणसाची होती, लांबूनही शाई ओळखणारी.

"विटकरी आहे," ते म्हणाले. "विटकरीच लिही. आता कोण इन्स्पेक्शनला येऊन राहिलंय?"

मी पिवळा खोडला आणि वर विटकरी लिहिलं. त्या वहीतली ती एकच खाडाखोड आहे.

त्यांना तिथेच अग्नी देऊन आम्ही परत आलो. तेराव्यानंतर पाहुणे गेले. माय दिवसभर घरातली त्यांची एकेक वस्तू हातात घेऊन ठेवत होती. सुई, दोऱ्याची गुंडी, खळीची वाटी. मग तिनं ती वही माझ्यापुढे ठेवली. तिनं ती कधी उघडून बघितली नव्हती. आम्ही दोघं रविवारी हसत तिच्यात काय लिहायचो हे तिला कधी कळलं नव्हतं.

"देवीला गेलो त्या दिवशीचं वाच," ती म्हणाली.

मी पान काढलं. मला काहीही वाचता आलं असतं, तिला कळलं नसतं. मी जे होतं ते वाचलं. सकाळी हिरवा, संध्याकाळी हिरवा. खाणं, भगर, दही. चालणं, देवदर्शन, चपला घालून. पाय ठीक.

माय रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला वाटलं, आपणच काहीतरी विसरलो. तिनं आठवून बघितलं, मग अगदी हळू, माझी चूक दाखवायला संकोच वाटावा तशी म्हणाली,

"चपला तर माझ्या पिशवीत होत्या ना गं."